काविळीची रांग

नंदकुमार दिसताच गीतांजली मॅडमनी तोंड फिरवलं. पण रांगेत उभ्या माणसानं तोंड फिरवून जायचं कुठे? पुढे माणसं, मागे माणसं. तो सरळ येऊन शेजारी उभा राहिला.

“मॅडम, तुम्ही? इथे?”

“तुम्ही कशाला आलात?”

“मार्केट बघायला.”

घ्या! घणसोली गावात दर रविवारी गोटीरामबाबा काविळीची माळ घालतात, आणि हे गृहस्थ तिथे मार्केट बघायला आले होते. तळोज्याच्या ज्या औषध कंपनीत हा मार्केटिंगला, तिथल्याच लॅबच्या मॅडम प्रमुख. हेपटायटिस सी म्हणजे चिवट जातीची कावीळ, तिच्यावर गोळी शोधायचं काम त्यांच्याकडे. त्या गोळीत पैसा घालायचा की नाही, हे मालक उद्याच्या मीटिंगमध्ये ठरवणार होते. नंदकुमारला कालपासून अन्न गोड लागत नव्हतं. कमरेचा पेजर वाजला की तो दचकायचा, बघायचा, पुन्हा अडकवायचा. एका पायावरून दुसऱ्या पायावर, नुसती चुळबुळ.

“केवढी रांग आहे हो!” तो टाचा उंचावून म्हणाला. “हे सगळे आपल्या गोळीकडे वळले तर?”

“यातलं कोणी वळायचं नाही. ही पाण्यातून होणारी साधी कावीळ. आपली आपण उतरते आणि नाव बाबांचं होतं. आपली ती रक्तातून येते. वर्षानुवर्षं आत बसते, माणसाला पत्ताही नसतो.”

“मग आपलं मार्केट कुठाय?”

“ते काय, पायरीवर बसलंय.”

पायरीवर एक माणूस सारखं अंग खाजवत होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, हातांच्या काड्या, पाय सुजलेले.

“माझा नवरा. शौनक.”

मॅडम हळू आवाजात सांगू लागल्या. स्कूटरवरून पडला, रक्त चढवलं, त्यातून हे दुखणं घरात आलं. परदेशी इंजेक्शनं झाली. तापानं फणफणला, केस गेले, दुखणं मात्र जागचं हललं नाही.

“माळेनं काही होत नाही, ते मला कळतं,” त्या म्हणाल्या. “काड्या सुकतात, दोरा सैल पडतो, माळ लांबते. लोकांना वाटतं कावीळ उतरली. पण तोच म्हणाला, एकदा जाऊन बघू. कुठल्या तोंडानं नाही म्हणू?”

गप्प राहणं नंदकुमारच्या रक्तातच नव्हतं. चार पावलं रांग सरकली आणि त्यानं विषय काढलाच.

“मॅडम, उद्या मालक विचारतील, गोळी कधी. तुम्ही पाच वर्षं म्हणा. प्लीज. दहा म्हणालात तर फाइल बंद.”

“दहा लागतील. दहाच सांगणार.”

“अहो, मग ती गोळी कधीच येणार नाही! आणि तुमच्या घरातच...”

“माझ्या घरातल्याला पाच काय आणि दहा काय!” मॅडम फाडकन म्हणाल्या. “खोटं माझ्याकडून वदवून घेऊ नका.”

“चला, फुडं सरका! कोनाला हाय कावील?” बाबांची सून गोजरा दारातून ओरडली.

दोघांनी शौनकला दोन्हीकडून धरून आत नेलं. गोटीरामबाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. गावात तीन चाळी भाड्यानं दिलेला माणूस, गळ्यात जाडजूड चेन. माळ हातात तयार होती. त्यांनी शौनकची पापणी ओढून बघितली. नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. बाबांनी माळ खाली ठेवली.

“नाय. याला माजा गुन नाय येयाचा. उगाच खोटी आशा मी नाय लावनार.” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “इंग्लिश औसद बघा. तलोज्याला कंपनीत नवीन गोली काडतान म्हनं. तिथं वलखीचं कोन हाय काय तुमचं?”

शौनकला हसूच फुटलं. “आहे ना, बाबा. बायकोच आहे.”

हसता हसता तो थांबला आणि बायकोकडे बघत राहिला. इतक्या महिन्यांत त्यानं हे एकदाही विचारलं नव्हतं.

“गीता, खरं सांग. कधी येणार गं तुझी गोळी?”

मेला पेजर नेमका तेव्हाच वाजला. नंदकुमारनं तो मुठीत गच्च दाबून धरला. मागून लोक ढकलत होते, गोजरा काहीतरी ओरडत होती.

“पुढच्या दिवाळीपर्यंत,” मॅडम म्हणाल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही.

नंदकुमारला त्यांच्याकडे बघवेना.

बायकोच्या हाताचा आधार घेऊन शौनकनं गोटीरामबाबांपुढे डोकं वाकवलं.

“तर मग माळ घाला, बाबा. दिवाळीपर्यंत टिकेल अशी.”