सयाजीच्या नावाचा दगड

“…आणि ऐन पुरात, भर कृष्णेत आमच्या सयाजीनं उडी घातली! वय काय, तर दहा वर्षं!”

आदगोंडा पाटलांचा आवाज घाटावरून थेट पलीकडच्या काठाला जाऊन आदळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढं सतरंजीवर बसलेल्या आकारामनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, पोराच्या आठवणीनं म्हाताऱ्याला भरून आलं. भरून आलं होतं हे खरं, पण रागानं.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. आकारामचा सयाजी, मराठा पलटणीतला गावचा पहिला लेफ्टनंट, इटलीत नदी ओलांडताना गोळी लागून गेला होता. त्याच्या नावाचा दगड आज घाटावर बसवायचा होता. गावात इंग्रज सरकारशी उभा दावा मांडलेली पोरं होती, तीही आली होती. गेलेल्या पोराशी कुणाचं वैर नव्हतं. दगड नव्या कोऱ्या फेट्यानं झाकलेला होता, आणि गाव एकामागोमाग एक उठून बोलत होतं. एकानं सांगितलं, सयाजी पाळण्यातसुद्धा कधी दचकला नाही. दुसऱ्यानं त्याला सुसरीशी झुंजवला. पाटलांनी तर कळसच चढवला.

आकारामला आठवत होता तो पोरगा निराळा होता. गावातली सगळी पोरं विहिरीत पोहायला शिकायची. तरंगायला पाठीला वाळक्या पांगाऱ्याच्या लाकडाचा हलका बिंडा बांधायचा, वरून ढकलून द्यायचं, की आठ दिवसांत बिंडा सुटायचा. सयाजीला ढकलायची सोय नव्हती. तो पायरीला घोरपडीसारखा चिकटायचा आणि गाव गोळा होईल असा बोंबलायचा. मिसरूड फुटलं तरी त्याच्या पाठीचा बिंडा काही सुटला नाही. आज टाळ्या पिटणारे हेच लोक तेव्हा काठावर बसून खिदळायचे. तरी पोरगा रोज यायचा. ओठ पांढरे पडायचे, गुडघे लटपटायचे, पण यायचा. आकाराम छातीएवढ्या पाण्यात उभा राहून हात पुढं करायचा.

ते लटपटणारे गुडघे म्हणजेच त्याचं लेकरू होतं. गाव नेमकं तेच पुसून टाकायला बसलं होतं. पोरगा एकदा इटलीत गेला. आता डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा चालला होता, आणि तोही टाळ्यांच्या गजरात.

आकाराम उठायला लागला. शेजारी बसलेल्या धोंडुबाईनं नवऱ्याच्या धोतराचा सोगा धरला.

“आवं, कुटं निगालासा? गप बसा की. चार मानसं पोराला चांगलं म्हनत्यात.”

“त्येला कोन म्हनतंय? दुसऱ्याच कुनाच्या तरी पोराला म्हनत्यात.”

सोगा सुटला. आकाराम दगडापाशी जाऊन उभा राहिला. चार माणसांसमोर तो जन्मात कधी बोलला नव्हता.

“पाटील, माजं पोरगं पुरात कवा उतरलं न्हाई,” तो म्हणाला. “त्ये पान्याला लय भ्यायचं. पवाय शिकलं, पर भ्या काय गेलं न्हाई. लढाईवर जायच्या आदल्या दिशी हितंच, ह्या घाटावर तोंड धुताना माजा हात धरून हुतं. तुमी त्येला वाघ करू नगा. माजा सयाजी मला हाय तसा ऱ्हाऊ द्या.”

पाटलांचा चेहरा पडला. धोंडुबाईनं पदर तोंडावर घेतला. मागं कुणीतरी पुटपुटलं, “म्हातारं चळलं.” सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या खुर्चीवर बसलेल्या ज्ञानू सुभेदाराकडं. गडी म्हसवडकडचा, सयाजीच्याच कंपनीतला, या कार्यक्रमासाठी मुद्दाम आलेला. आपल्या साहेबाला त्याच्या बापानंच चारचौघांत भित्रा म्हटलेलं त्याला कसं खपावं? सुभेदार उठला तेव्हा पाटलांनी डोळेच मिटून घेतले.

सुभेदार आकारामसमोर आला. टाचेवर टाच आपटून त्यानं म्हाताऱ्याला कडक सलाम ठोकला. मग तो लोकांकडं वळला.

“बाबा खरं बोलत्यात. आमी समदे मानदेशाकडचे. आमाला प्यायला पानी न्हाई, पवनार कुटं? ती नदी बगून आमचं पाय जाग्याला खिळलं. पल्याडनं मशीनगन चाललेली. सायबास्नी कमरंला दोर बांधून पयलं उतरायचं हुतं. त्यांच्या हाताला असं कापरं भरलं हुतं, की गाठच बसंना. शेवटी ती म्या मारली. म्हनलं, सायेब, भ्या वाटतंय? तर हसून म्हनले, ‘लय! ल्हानपनापासनं वाटतंय.’ आन उतरले की वो! पल्याडच्या झाडाला दोर पक्का बांधला, मगच गोळी लागली. त्या दोराला धरून आमी गेलो आन शत्रूची टेकडी घेतली.”

आकारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मान मात्र ताठ झाली होती. सुभेदारानं पाटलांकडं पाहिलं. त्याचा आवाज आता पार वरच्या पायरीपर्यंत पोचत होता.

“पाटील, वाघ उतरला असता, तर आमी काठावरनं त्येचं कौतिक बगत बसलो असतो. आमच्यापरीस जास्त भ्यालेला मानूस फुडं गेला, म्हनून तर समदी कंपनी त्येच्या मागनं पान्यात उतरली.”