कोरं पान

दवाखान्यांची बिलं छापणारं मामांचं सॉफ्टवेअर समोरच्या कंपनीने ढापलं, याबद्दल मामांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी वकीलबाईंपुढे दोन्हीकडची बिलं आपटली.

"बघा! आमच्या प्रत्येक बिलामागून एक कोरं पान बाहेर येतं. यांच्याही येतं. अक्कल चोरली ती चोरली, वर आमची चूकसुद्धा सोडली नाही! कोर्टात खेचतोच आता."

वकीलबाई खूश झाल्या. इतका आयता पुरावा रोज कुठे मिळतो? "फक्त एवढं सांगा, मुळात हे पान कोरं येतं कशामुळे? न्यायाधीश पहिलं हेच विचारतील."

मामांनी रुबाबात भाचीकडे बोट दाखवलं. ऑफिसातली सगळी प्रोग्रॅमिंगची कामं तीच बघायची. भाचीने उगाचच प्रिंटरची वायर सरळ केली, पण मामांनी डोळे वटारल्यावर तिचा नाइलाज झाला.

"मामा, आपला मूळ प्रोग्रॅम ओपन सोर्स आहे ना, इंटरनेटवरून फुकट घेतलेला. त्याच्या लायसन्सची एकच अट होती. खुशाल बदला, खुशाल विका, फक्त शेवटच्या पानावर तो लिहिणाऱ्याचं नाव छापा. ते नाव तुम्ही मला काढायला लावलंत. नाव गेलं, पान राहिलं."

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. मामांनी समोरच्या कंपनीचं बिल पुन्हा एकदा उलटून पाहिलं.

"मग यांचं पान कोरं कसं?"

"त्यांच्याकडेही कुणीतरी मामा असणार."