रोपांची मान

ट्रेमधली टोमॅटोची रोपं बोटभर उंच झाली होती आणि सगळी एकाच अंगाला, खिडकीकडे, कलली होती. रत्नाने वाकून पाहिलं. कोवळ्या खोडांनी पार बुडापासून बाक धरला होता. ट्रे रोज फिरवला तर असा बाक धरत नाही. काल तो फिरवला गेला नव्हता. परवाही नसावा.

ते काम सोमनाथचं, तिच्या नवऱ्याचं. निमगावात बाकीचे नर्सरीतून रोपं आणायचे. तो मात्र दर थंडीत घरचं बी आतल्या खोलीत रुजवायचा आणि सकाळी उठल्याबरोबर ट्रेची बाजू बदलायचा. खाट धरल्यावर त्याने ट्रे उशाजवळच्या स्टुलावर मागून घेतला होता, हात पुरेल असा.

"बोरीकडं माना करून हुभी हायेत," डोळे न उघडता तो म्हणाला. "तुझ्यावानी. सारखं आपलं म्हायेर."

तिचं माहेर, बोरी, खिडकीच्याच अंगाला होतं. रत्नाला हसू आलं. मग त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. चादरीवर पडलेला हात आणि ट्रे यांच्यात वीतभर अंतर होतं.

"मला हाक मारायची. मी फिरवला असता."

"तू बी दमलीस." त्याने डोळे उघडले. "रत्ना, मला न्हाई जायाचं पुन्याला. मागंबी बोल्लो व्हतो."

मागे तो बोलला तेव्हा ती "बघू" म्हणाली होती. त्याच्या आधीही "बघू"च. पोटातली गाठ औषधाला दाद देत नव्हती. आणखी एक सलाईन देऊन पाहू, पण खात्री नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रत्येक सलाईननंतर त्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नसे. तरी ती बॅग भरायची. नाही भरली तर आपणच त्याला मारलं असं होईल, एवढंच तिला कळत होतं.

बाहेर भाड्याची गाडी थांबली. त्यांचा मुलगा बुद्धभूषण चप्पल न काढताच आत आला.

"आई, चल लवकर, चाकणला लई ट्रॅफिक लागंल. आप्पा, उठा राव! मागची शीट पार पलंगासारखी केलीय तुमच्यासाठी."

बुद्धभूषणने बापाच्या पाठीखाली हात घालून त्याला उचललं. सोमनाथच्या तोंडून बारीक आवाज निघाला आणि त्याने ओठ मिटून घेतले. तो रत्नाकडे पाहत राहिला.

दाराशी भरून ठेवलेली बॅग रत्नाने उचलली आणि परत फळीवर ठेवली.

"आई, आगं..."

"भूषण, निजव त्यांना," रत्ना म्हणाली. "गाडी माघारी धाड. ह्यांना आता न्यायचं न्हाई."