मागून बसलेली गाडी

"पुन्हा बसली!" श्यामराव म्हणाले आणि एसयूव्हीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे झाले.

ट्रेलर जोडला की गाडीचं बूड खाली जाई आणि नाक आभाळाकडे. सेक्टर २ मधल्या त्यांच्या क्वार्टरसमोर ती जेवून सुस्तावलेल्या म्हशीसारखी पसरली होती.

"काका, स्प्रिंगा तर कालच बदलल्या," मोहन नगरचा मेकॅनिक राहुल डोकं खाजवत म्हणाला. "बैठना नहीं चाहिए. स्प्रिंगच्या आत हवेचे फुगे टाकून देऊ का?"

"टाक. लोखंडच कच्चं असन."

उमेदीची सारी वर्षं स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये घालवलेला माणूस. दोष शोधणार तो लोखंडातच!

राहुल गाडीखाली सरपटला. श्यामरावांनी खुर्चीत पाय पसरून डोळे मिटले आणि लगेच समुद्र सुरू झाला. पुरीचा. निळा ट्रेलर वाळूवर उभा आहे, खिडकीचा पडदा फुगतोय, आत गॅसवर चहा उकळतोय आणि बायको सुशीला लाटांकडे बघत बसली आहे. रिटायर झाल्यावर हा ट्रेलर त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बांधला होता, तो एवढ्यासाठीच. आतली मांडामांड मात्र सुशीलाबाई आणि कामवाली रंभा यांच्याकडे. तिकडे श्यामरावांनी नाक खुपसायचं नाही, असा दंडक होता.

त्या गोड स्वप्नात एक खडा टोचायचा. प्लांटच्या क्वार्टरची मुदत संपली होती. महिनाअखेरीस किल्ली परत द्यायची होती. सुशीलेला हे सांगायचं कुणी? लग्न होऊन ती आली ती याच घरात. लेक पीयूष याच ओसरीवर रांगला. अंगणातल्या मोगऱ्याशी ती अजूनही गप्पा मारते. बिचारी कोलमडेल, या भीतीनं श्यामरावांची जीभच उचलेना. शेवटी बापलेकांनी गुपचूप ठरवलं. हे दोघं पुरीला असताना पीयूषनं सामान जामुलच्या नव्या फ्लॅटवर हलवायचं आणि परतताना गाडी थेट तिकडेच न्यायची. सुशीलेला समुद्रकाठी सांगू. एवढ्या पाण्यासमोर माणूस जरा कमी रडत असेल, असं त्यांना आपलं वाटे.

"घ्या," सुशीलाबाईंनी पोह्यांची बशी पुढे केली. कडेला लाल चटणी.

श्यामरावांनी बोट लावून पाहिलं. "चटणी कावून अशी लागून राहिली? परवापासून पाहतो मी."

"मिक्सरची हाय. हात दुखून राहिला माहा."

"आन् पूजेची घंटी नाही वाजली आज."

"लोलक निखळला तिचा." पदरानं कपाळ टिपत त्या म्हणाल्या, "समुद्र पाहून घरी गेलो का, पाट्यावरची करून देईन तुमाले."

'घरी' म्हटल्यावर श्यामरावांना ठसकाच लागला. सुशीलाबाईंनी पाण्याचा पेला दिला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. किती भोळी आहे ही, त्यांना वाटलं. पोहे तसेच राहिले.

फुगे बसले. राहुलनं ट्रेलर जोडला. गाडीचं बूड जरासं उचललं आणि अलगद पुन्हा खाली टेकलं.

"काका, गाडीत काही खराबी नाही. सारं वजन ट्रेलरच्या पुढच्या पेटीत हाय, सीधा हुकवर. अंदर काय ठेवलं?"

"काय असन? चादरी."

राहुलनं पेटी उघडली. वर चादरीच होत्या. त्यानं त्या बाजूला सारल्या. खाली दगडी पाटा, वरवंटा. शेजारी जुन्या साडीत गुंडाळलेला देव्हारा आणि त्यावर घंटी, लोलकासकट. कोपऱ्यात तेलाच्या डब्यात मातीसह मोगऱ्याचं रोप.

श्यामरावांना हसू आवरेना. "अवं सुशीला, समुद्रावर पाटा कोणी नेते का?"

सुशीलाबाईंनी चादर पुन्हा नीट पांघरली, बाळाला पांघरावी तशी.

"पीयूषच्या ट्रकात फुटला असता जी," त्या म्हणाल्या. "अन् जामुलच्या ओट्याखाली बरोबर मावते. मी मापून आली."