रिकाम्या रकान्याची बेरीज

"पाच अधिक रिकामा रकाना. उत्तर काय?" चौदाव्या आठवड्यात तिने तोच प्रश्न फळ्यावर पुन्हा लिहिला.

"पाच," गुरुजी म्हणाले. "रिकामं म्हणजे शून्य. वीस वर्षं असंच चाललंय."

संगणकाची ही भाषा गुरुजींनीच घडवलेली. आता भाषेची नवी आवृत्ती निघायची होती आणि त्यात 'अधिक' या चिन्हाचा अर्थ ठरवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. तिचं म्हणणं, रकाना रिकामा असेल तर उत्तर 'माहीत नाही' असंच यावं. गुरुजींचं म्हणणं, अशाने हजारो चालते प्रोग्राम अडून बसतील. दर बैठकीला तेच दळण. तिचा घसा बसला होता. डबा न उघडताच परत जायचा. "आई, आली का गं तुमची बेरीज?" मुलगी विचारायची आणि हसायची. आज तिने ठरवूनच टाकलं होतं. गुरुजींच्या म्हणण्याला मान डोलवायची, सही करायची आणि मोकळं व्हायचं.

त्याआधी फक्त एका पाहुणीचं ऐकून घ्यायचं होतं. भाषा वापरणाऱ्यांपैकी कुणीतरी यावं म्हणून एका इस्पितळातल्या सिस्टरना बोलावलं होतं. त्या पाळी संपवून तशाच आल्या होत्या.

"पेशंटच्या अंगात दिवसभरात किती पाणी गेलं, त्याची बेरीज आमचा प्रोग्राम करतो," त्या म्हणाल्या. "एकदा एका आजोबांची दुपारची नोंद राहून गेली. त्याने शून्य धरलं. आम्हाला वाटलं, आजोबांना पाणी कमी पडलंय. आणखी सलाइन लावलं. फुप्फुसात पाणी भरलं."

"गेले?" तिने हळूच विचारलं.

"वाचले. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर काढले त्यांनी. बेरीज अगदी नीटनेटकी दिसत होती हो, शंका कशी येणार?" सिस्टर गुरुजींकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. "रिकामं म्हणजे शून्य, हे ठरवलंत तेव्हा काहीतरी कारण असेल ना?"

गुरुजींची कारणं सगळ्यांना तोंडपाठ होती. ती पुन्हा ऐकायची तयारी करून जो तो मान खाली घालून बसला. तिनेही पेनाचं टोपण काढलं.

पण गुरुजी या खेपेला उठून फळ्याकडे गेले नाहीत.

"कारण काही नव्हतं, सिस्टर," ते म्हणाले. "तेवढं एकच ठरवायचं राहिलं होतं, आणि मी फार दमलो होतो."