सुई उचलली की

सिग्नल तपासायच्या ऑसिलोस्कोपची सुई टेकवली की नवा सर्किट बोर्ड बिनचूक चालायचा. उचलली की पडद्यावर चुकांची लाल रांग. सुईच्या किंचित भारानंच सिग्नल शांत होतोय, हे मृणालनं सिम्युलेशन करून ताडलं. दुरुस्ती दोन दिवसांची होती, पण ऑर्डर द्यायला आलेले इनामदारसाहेब दारातच उभे होते.

"मग हात काढूच नकोस," कंपनीचे मालक असलेले सर तिच्या कानाशी कुजबुजले.

साहेबांनी अर्धा तास बोर्ड न्याहाळला. मृणालचा खांदा भरून आला. "वा, बाई!" म्हणत त्यांनी अभिनंदनासाठी हात पुढे केला.

सर डोळ्यांनी विनवत होते. तिनं उजव्या हातातली सुई बाजूला ठेवली आणि हात मिळवला. पडदा लालेलाल झाला.

"साहेब, सुई लावली तरच चालतो. कारण सापडलंय, दोन दिवस द्या."

इनामदार खो खो हसले. "आमचे इंजिनिअर देवधर तीन महिने असेच आमच्या बोर्डाला सुई लावून बसलेत. ऑर्डर तुमचीच, आधी त्यांना सोडवा."