प्रभुभोजनाला भाकर

"शहरातून पाव आलाच नाही," पाळक म्वांगी म्हणाले. पुरानं पूल नेला होता. चर्च भरलेलं, आणि प्रभुभोजनाला मोडायला काही नाही.

केनियात वर्षभराच्या सेवेला आलेली मी, रस्ता सुरू होताच नगरला पळायच्या बेतात होते. घरच्या आठवणीनं प्रार्थनाही सुचेना. तरी उठले. "आमच्या मराठी बायबलात प्रभू भाकरच मोडतो. मी करते!"

मक्याचं पीठ गरम पाण्यात मळलं, थापलं. आई म्हणायची, "बाई गं, तुझी भाकर काही जन्मात फुगायची नाही." तव्यावरून निखाऱ्यांवर टाकली आणि चक्क टम्म फुगली! बायकांनी हालेलुयाचा गजर केला.

पाळकांनी मोडली तेव्हा अजून वाफ निघत होती. चव आमच्या ज्वारीची नव्हती, तरी मी मोठ्यानं आमेन म्हटलं.

बाहेर पडताना विचारलं, "पाळकसाहेब, पुढच्या रविवारी किती थापू?"